सहा सप्टेंबरच्या आदेशामागे

६ सप्टेंबर १९६५ च्या पहाटे भारतीय सैन्याने पंजाबमधली आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली आणि ते लाहोरच्या रोखाने निघाले. स्वतंत्र भारताच्या कोणत्याही पंतप्रधानाने तोवर असा आदेश दिला नव्हता. तो दिला लालबहादूर शास्त्रींनी. पदावर येऊन त्यांना जेमतेम सव्वा वर्ष झाले होते, आणि शेजारच्या देशात त्यांची गणना दुबळ्या नेत्यांत होत होती. हा आदेश एका रात्रीत सुचलेला नव्हता. त्याची मुळे शोधायला १९६२ पर्यंत मागे जावे लागते.

चीनकडून झालेल्या पराभवाने जमीन तर गेलीच, पण राजकीय नेतृत्व आणि लष्कर यांच्यातला विश्वासही तुटला. सेनानींच्या नेमणुकांपासून चौक्या कुठे उभारायच्या इथपर्यंत दिल्लीचा हात पोहोचला होता. आणि हवाई दलाची लढाऊ विमाने मात्र युद्ध संपेपर्यंत जमिनीवरच होती. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावे लागले आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये मुंबईहून यशवंतराव चव्हाण त्यांच्या जागी दिल्लीत गेले. 'हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला' हे वाक्य आपल्याकडे इतके वापरले गेले की त्यामागचे काम झाकलेच गेले. सव्वाआठ लाखांचे सैन्य, डोंगरी युद्धासाठी नव्या डिव्हिजन, ४५ स्क्वाड्रनचे हवाई दल अशी आखणी या काळात झाली. त्याहून मोठे काम कागदावर दिसत नाही. सेनाधिकाऱ्यांचे म्हणणे ऐकून घेणारा मंत्री त्यांना मिळाला.

२७ मे १९६४ ला नेहरू गेले. काँग्रेस अध्यक्ष कामराजांनी पक्षात एकमत घडवले आणि ९ जूनला शास्त्रींनी शपथ घेतली. त्याच महिन्यात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. समोर अन्नटंचाई होती, अमेरिकेच्या पीएल-४८० या धान्य-मदत कायद्याखाली येणाऱ्या गव्हावर रेशनची दुकाने चालत होती. १९६५ च्या सुरुवातीला मद्रास राज्यात हिंदीविरोधी आंदोलन पेटले. लोकसभेत अविश्वास ठराव येत होते. पाच फूट दोन इंच उंचीच्या, हळू आवाजात बोलणाऱ्या या माणसाला ऑक्टोबर १९६४ मध्ये पाकिस्तानचे अध्यक्ष अयुब खान कराचीत भेटले होते. त्यांनी काय अनुमान काढले, हे पुढच्या घटनांवरून उघड आहे.

एप्रिल १९६५ मध्ये पाकिस्तानने कच्छच्या रणात चाचपणी केली. तिथे भारताने मोठे युद्ध टाळले, ब्रिटिश पंतप्रधान विल्सन यांची मध्यस्थी मान्य केली आणि ३० जूनला करार झाला. दिल्लीत निदर्शने झाली, 'शरणागती' हा शब्द वापरला गेला. पण २८ एप्रिललाच शास्त्री लोकसभेत सांगून चुकले होते की आक्रमण चालूच राहिले तर आपले सैन्य देशाचे रक्षण करील आणि रणनीती काय असावी, हे सैन्य स्वतः ठरवील. सहा सप्टेंबरच्या आदेशाचा मसुदा मला या विधानात दिसतो. कुठे लढायचे हे शत्रू ठरवणार नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. रावळपिंडीतल्या पाकिस्तानी सत्ताधाऱ्यांनी तो घेतला नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात काश्मीरमध्ये सशस्त्र घुसखोर उतरले. उत्तरादाखल २८ ऑगस्टला भारतीय जवानांनी पाकिस्तानच्या ताब्यातली हाजीपीर खिंड घेतली. १ सप्टेंबरला पाकिस्तानचे पॅटन रणगाडे जम्मूजवळच्या छांबमध्ये घुसले. अखनूरचा पूल पडला असता तर जम्मू-पूंछ रस्ता तुटला असता. त्या संध्याकाळी सेनाप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख एअर मार्शल अर्जन सिंग चव्हाणांकडे आले. हवाई दल हवे होते, दिवस मावळायला आला होता. चव्हाणांनी काही मिनिटांत परवानगी दिली. पठाणकोटहून उडालेल्या जुनाट व्हॅम्पायर विमानांपैकी चार त्याच संध्याकाळी पडली. किंमत फार होती, पण १९६२ मध्ये जे झालेच नाही ते इथे घडले. ३ सप्टेंबरला पंजाबची आघाडी उघडण्याचा निर्णय झाला. अखनूरवरचा दाब कमी करायचा तर पाकिस्तानला लाहोर वाचवायला पळवायचे, हा साधा हिशेब होता आणि तो बरोबर ठरला.

पुढच्या लढायांतली एकच गोष्ट इथे सांगतो. खेमकरणजवळ असल उत्तरला उसाची शेते आणि कालव्याचे सोडलेले पाणी यांच्या आडोशाने ज्यांनी पाकिस्तानचे नव्वदहून अधिक रणगाडे निकामी केले, ती चौथी डिव्हिजन होती. १९६२ मध्ये चीनसमोर सेला-बोमडिलाला मोडून पडलेली तीच. हवालदार अब्दुल हमीद तिथेच पडले. सियालकोटच्या आघाडीवर पूना हॉर्सचे कर्नल अर्देशीर तारापोर, मुंबईत जन्मलेले आणि पुण्यात शिकलेले, १६ सप्टेंबरला गेले. दोघांनाही मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

त्याच सुमारास चीनने सिक्कीम सीमेवरून तीन दिवसांचा निर्वाणीचा खलिता धाडला. शास्त्री डगमगले नाहीत, आघाडीवरची लढाई चालू राहिली. मात्र सुरक्षा परिषदेच्या ठरावानंतर युद्धबंदी स्वीकारायची का, या प्रश्नावरही त्यांनी सेनाप्रमुखांचा सल्ला मानला. दारूगोळा संपत आला आहे, असे चौधरींचे मत होते. तोवर आघाडीचा सुमारे १४ टक्केच साठा खर्ची पडला होता, असे पुढे युद्धाच्या अधिकृत इतिहासात नोंदले गेले. ज्या विश्वासाने युद्ध सावरले, त्यानेच इथे थोडे गमावले. तरीही १९६२ ची चूक उलट्या दिशेने करणारा पंतप्रधान मला जास्त जवळचा वाटतो. २३ सप्टेंबरच्या पहाटे तोफा थांबल्या.

घरातली लढाई थांबली नव्हती. त्या वर्षी पावसाने दगा दिला. आदल्या वर्षी ८ कोटी ९० लाख टनांवर असलेले धान्य उत्पादन ७ कोटी २० लाखांवर घसरले. अमेरिका गहू हात राखून देऊ लागली. शास्त्रींनी लोकांना आठवड्यातले एक जेवण सोडायला सांगितले. सोमवारी संध्याकाळी हॉटेलांच्या चुली थंड राहू लागल्या. आपल्याकडे शंकराचा सोमवार धरणाऱ्या घरांना उपास नवा नव्हता. पण जी घरे कधी उपास करत नव्हती, तीही त्यात आली. 'जय जवान, जय किसान' ही घोषणा ऑक्टोबरमध्ये अलाहाबाद जिल्ह्यातल्या उरुवा इथल्या सभेत दिली गेली. जवानाच्या शेजारी किसान का आला, ते या रिकाम्या कोठारांवरून कळते.

जानेवारी १९६६ मध्ये सोव्हिएत संघातल्या ताश्कंदला तिथले पंतप्रधान कोसिगिन यांच्या मध्यस्थीने बोलणी झाली. चव्हाण आणि परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग शास्त्रींबरोबर होते. दोन्ही सैन्यांनी ५ ऑगस्टपूर्वीच्या जागी परतायचे ठरले. म्हणजे हाजीपीरही सोडायचे. १० जानेवारीला सह्या झाल्या आणि त्याच रात्री, ११ तारीख लागल्यावर, शास्त्रींचे निधन झाले. विमानाकडे नेताना त्यांच्या शवपेटीला कोसिगिन यांच्याबरोबर अयुब खान यांनीही खांदा दिला. सैन्ये मागे घ्यायची मुदत २५ फेब्रुवारी होती.