सेल्फ टकटकतो, तेव्हा व्होल्ट कुठं जातात?

किल्ली फिरवली की बॉनेटखालून टक-टक-टक-टक. इंजिन ढिम्म. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डाच्या दारात पहाटे गुळाच्या रव्यांनी भरलेली पिकअप अशी टकटकायला लागली, की आजूबाजूचे चार जण एकाच सुरात निकाल देतात, "बॅटरी बसली." माझ्या मामांनी या निकालावर भरवसा ठेवून दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलल्या. टकटक होती तशीच राहिली.

हा आवाज येतो कुठून, ते आधी बघू. सेल्फ म्हणजे इंजिनला सुरुवातीला फिरवणारी विजेची मोटर. तिच्या पाठीवर एक छोटं नळकांडं असतं, ते सोलेनॉइड. त्यात तारेची दोन वेटोळी असतात. एक वेटोळं लोखंडी दांडा आत खेचतं, दुसरं तो धरून ठेवतं. दांडा आत गेला की सेल्फचा दातेरी गिअर (बेंडिक्स) इंजिनच्या जड चाकाला, फ्लायव्हीलला, भिडतो आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाची तांब्याची चकती दोन जाड बोल्टांना टेकते. हा पहिला 'टक'. आता मोटरीकडे एकदम शेकडो अँपिअर धावतात. वाटेत कुठं अडथळा असेल तर सेल्फपाशी व्होल्टेज कोसळतं, इतकं की धरून ठेवणाऱ्या वेटोळ्याचीही पकड सुटते. स्प्रिंग दांडा मागं ढकलते. प्रवाह तुटतो, व्होल्टेज पुन्हा वर येतं आणि दांडा पुन्हा आत जातो. सेकंदाला कित्येक वेळा हा खेळ चालतो.

म्हणजे टकटक एवढंच सांगते, की व्होल्टेज आहे पण भार पडला की टिकत नाही. ते का टिकत नाही, हे टकटकीला विचारून उपयोग नाही. (एकच दणदणीत 'टक' होऊन पुढं शांतता असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा बहुतेकदा चकती जळालेली असते किंवा मोटरीचे कार्बन झिजलेले असतात, आणि सेल्फ उतरवावा लागतो.)

नदीकाठच्या शेतकऱ्याला हे नव्यानं शिकवायला नको. डीपीजवळच्या (ट्रान्सफॉर्मरजवळच्या) मोटरीला व्होल्टेज झकास, शेवटच्या पोलावरची मोटर मात्र नुसती घुमते, पाणी उचलत नाही. तारेनं वाटेत व्होल्ट खाल्लेले असतात. पिकअपमध्ये तार जेमतेम हात-दोन हात लांब, पण प्रवाह प्रचंड. डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ सहज २०० अँपिअर घेतो. ओहमच्या नियमानं, जोडात ०.०१ ओहमचा अडथळा असला तरी २०० अँपिअरला २ व्होल्ट तिथंच संपतात. शिवाय त्या जोडावर ४०० वॅटची उष्णता निघते. इस्त्रीच्या निम्मी म्हणा ना.

आणि ०.०१ ओहम साध्या मीटरच्या ओहम-रेंजवर दिसतच नाही. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा त्याच्या दहापट असतो. म्हणून "वायर तपासली, कंटिन्युटी आहे" या वाक्याला सेल्फच्या बाबतीत फारसा अर्थ नाही. जाड केबलचे शंभर पदर तुटून एकच शिल्लक असला तरी मीटर 'बीप' करतो.

मामांची गाडी जुनी. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी चिखलीत शिरलं, तेव्हा ती चार दिवस चॅसीपर्यंत पाण्यात उभी होती. एका रविवारी मी मीटर घेऊन गेलो. गाडी उभी असताना बॅटरी १२.६ व्होल्ट. शिशाच्या बॅटरीत सहा सेल, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा, म्हणजे ती पूर्ण भरलेली. १२.२ दिसले असते तर निम्मी. पण स्वस्थ बसलेल्या बॅटरीचा आकडा फसवा असतो. खाटेवर बसलेल्या पैलवानाची ताकद कळत नाही, तो मातीत उतरावा लागतो.

म्हणून गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लावलेला, इंजिन पेटू नये म्हणून स्टॉपर ओढून धरलेला, आणि मामांना सांगितलं, "मारा सेल्फ." या वेळी टकटक न होता इंजिन रडतखडत फिरायला लागलं. बॅटरीच्या टर्मिनलांवर ११.४ व्होल्ट. हा आकडा ९.६च्या खाली आला असता तर बॅटरी दोषी. इथं ती खंबीर उभी होती. सेल्फवर, बोल्ट आणि बॉडी यांच्यामध्ये, मात्र फक्त ७.९. साडेतीन व्होल्ट वाटेत गायब.

मग एकेक टप्पा. बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत ०.३. ठीक. बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत ३.२! अर्थ केबल, म्हणजे इंजिन आणि बॉडीला बॅटरीच्या मायनसशी जोडणारी तार, चांगली असेल तर इथं ०.२च्या आसपास यायला हवं.

"व्हय रं, पण लाइट तर झकास लागत्यात," मामा म्हणाले. खरंच, सेल्फ मारताना हेडलाइट फारसे मंद होत नव्हते. खरा पुरावा तोच होता. बॅटरी दमलेली असती तर दिवेही मरगळले असते. दिव्यांची अर्थ बॉडीवरून थेट बॅटरीला जाते. बिघडली होती ती इंजिनची, कारण इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं आणि त्याला चॅसीशी जोडणारी एकच विणलेली पट्टी असते. बाहेरून ती धडधाकट दिसत होती. टोकाच्या धातूच्या टोपणाजवळ (थिंबल) कापली तर आत तांब्याऐवजी हिरवट भुगा. पुराचा गाळ आणि त्यानंतरचे पावसाळे आतल्या आत पदर खात गेले होते.

आणखी एक कोडं तिथंच सुटलं. या गाडीची ॲक्सिलरेटर केबल दोनदा बदलली होती, जड व्हायची म्हणून. इंजिनची अर्थ तुटली की प्रवाह दुसरी वाट शोधतो. इंजिनला चिकटलेल्या केबलची पोलादी तार ही तशीच एक वाट. ती तापते आणि आतलं प्लॅस्टिक वितळून चिकटतं. दोन्ही वेळा गॅरेजनं केबल 'लोकल माल' म्हणून उडवून लावली होती.

खात्री करायला जंपर केबलची एक वायर घेऊन बॅटरीच्या मायनसपासून थेट ब्लॉकला लावली. एका फटक्यात गाडी सुरू. उद्यमनगरातून नवी जाड केबल बनवून आणली. जोडण्याआधी चॅसीवरचा रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासला. बॅटरी सोडवताना मायनस आधी काढायचा आणि जोडताना शेवटी, नाहीतर पाना चॅसीला लागून ठिणगी उडते. बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, तिथं ठिणगी नको.

रात्री धडधाकट असलेली बॅटरी सकाळी रिकामी मिळत असेल तर तपास वेगळा. सगळं बंद करून मायनसच्या वाटेत अँमीटर लावायचा. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर बिनधास्त. ३०० असेल तर तीन दिवसांत २१.६ अँपिअर-तास गेले. ८० अँपिअर-तासाच्या बॅटरीचा पावाहून जास्त हिस्सा. फ्यूज एकेक काढत जायचं, कुठला काढल्यावर आकडा पडतो ते बघायचं. बहुतेकदा नंतर बसवलेला गाण्यांचा टेप सापडतो.

सेल्फ मात्र दहा सेकंदांपेक्षा जास्त रेटू नये. १९१२च्या कॅडिलॅकवर चार्ल्स केटरिंगनं विजेचा सेल्फ बसवला, तो या हिशोबावर की छोट्या मोटरीवर थोडा वेळ भलताच भार टाकता येतो. थोडा वेळच. जास्त रेटला की मोटरीच्या फिरत्या भागाच्या (आर्मेचरच्या) तारा भाजतात.

गाडी सुरू झाल्यावर बॅटरीवर १४.१ व्होल्ट होते, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठणठणीत. सेल्फ मारताना अर्थवरची घट आता ०.१५ व्होल्ट. हॉर्न मात्र अजून बसक्या आवाजातच वाजतो. त्याचीही अर्थ बघायची आहे, पुढच्या रविवारी.