पाटे वाढवले म्हणजे व्हॅनची क्षमता वाढली?
‘मागे दोन पाटे जादा टाका, जुनी व्हॅन जास्त माल पेलेल’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. पाटे म्हणजे चाकांवर गाडीचा भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या. त्या वाढवल्या की मागची बाजू भाराने खाली दबत नाही, म्हणून मेसेज पटतोही. पण ॲक्सल (दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा दांडा), बेअरिंग, ब्रेक, टायर तेच राहतात. टायरच्या कडेवर भारांक (टायर किती वजन पेलतो त्याचा सांकेतिक आकडा, लोड इंडेक्स) १०४ असेल तर एका टायरची मर्यादा ९०० किलो, पाटे कितीही असोत.

बऱ्याच जुन्या व्हॅनमध्ये मागच्या ॲक्सलला सळईने जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. गाडी किती दबली, त्यावर तो मागचा ब्रेक कमी-जास्त करतो. पाटे कडक झाले की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. व्हॉल्व्ह पुन्हा सेट करणं सहसा राहूनच जातं.

खात्री करायची तर भरलेली व्हॅन वजनकाट्यावर न्या, पुढचा-मागचा ॲक्सल वेगवेगळा तोला आणि गाडीवरच्या कंपनीच्या प्लेटवर (नंबर प्लेट नव्हे) दिलेल्या वजनाच्या मर्यादेशी ताडून पाहा.