‘जाल्लो’ की परीकथा? एका पिवळ्या शब्दाची पार्श्वभूमी

१९७७चा इटालियन भयपट ‘सस्पिरिया’ जाल्लो की परीकथा, असा वाद आहे. तो समजायला आधी हा शब्द समजायला हवा. इटालियन भाषेत ‘जाल्लो’ म्हणजे पिवळा. १९२९ साली मिलानच्या एका प्रकाशनसंस्थेनं रहस्यकथांची स्वस्त माला काढली. तिची मुखपृष्ठं पिवळी होती, आणि रंगाचं नाव कथाप्रकारालाच चिकटलं. (आपल्याकडे ‘पिवळी पुस्तकं’ म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं, त्याचा इथे संबंध नाही.) १९४१मध्ये फॅसिस्ट राजवटीत माला बंद पडली, युद्धानंतर पुन्हा सुरू झाली.

घोळ पुढे आहे. इटालियन माणसाला इंग्लंडच्या खेड्यातली, चहा पीत पीत उलगडणारी खूनकथाही जाल्लोच वाटते. उलगडा न झालेल्या खऱ्या गुन्ह्यालाही तिथली वर्तमानपत्रं तोच शब्द वापरतात. इटलीबाहेरच्या सिनेरसिकांनी मात्र तो फक्त १९६० आणि ७०च्या दशकांतल्या एका विशिष्ट धाटणीच्या खूनपटांसाठी राखून ठेवला: काळे हातमोजे, वस्तरा, भडक प्रकाश, आणि काहीतरी पाहूनही नेमकं काय पाहिलं ते न आठवणारा साक्षीदार. १९६३ आणि १९६४च्या दोन चित्रपटांनी हा साचा घडवला, १९७०मध्ये एका दिग्दर्शकाच्या पदार्पणाच्या चित्रपटानं तो गल्ल्यावर चालवून दाखवला.

खरा वाद आहे १९७७च्या ‘सस्पिरिया’वर. नृत्यशाळा, तिथे आलेली परदेशी मुलगी, आणि भिंतींआड चेटकिणी. ही सरळसरळ परीकथा. दिग्दर्शकाला नायिका बारा वर्षांच्या आसपासच्या हव्या होत्या. इतक्या लहान मुलींवर इतकी हिंसा निर्मात्यांना परवडणारी नव्हती, म्हणून वय वाढवलं. संवाद मात्र पोरकटच राहिले, आणि दारांच्या मुठी मुद्दाम उंचावर बसवल्या, म्हणजे मोठ्या मुलीही दारापुढे लहान दिसाव्यात. रंग घेतले १९३७च्या ‘स्नो व्हाइट’ या कार्टूनपटाकडून, आणि प्रती काढल्या तेव्हा मोडीत निघत चाललेल्या टेक्निकलर या जुन्या रंगछपाईच्या पद्धतीनं.

जाल्लोतला खुनी माणूसच असायला हवा, चेटकीण आली की जाल्लो संपला, असं शुद्धतावादी म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. पहिल्या रात्री पावसात पळून जाणाऱ्या मुलीचे अर्धवट ऐकू आलेले शब्द नायिकेला शेवटी आठवतात, आणि त्यावरूनच गुप्त दार सापडतं. हा जाल्लोतला विसराळू साक्षीदारच, फक्त डोळ्यांऐवजी कानांचा.

समीक्षकांचं स्वागत सुरुवातीला संमिश्रच होतं. अमेरिकेत एका मोठ्या स्टुडिओनं हा चित्रपट स्वतःच्या नावानं न लावता दुय्यम कंपनीच्या नावानं लावला. कथेला शेंडाबुडखा नाही, ही तक्रार अनेक समीक्षकांनी केली. परीकथेकडून पोलिसी तपासाची अपेक्षा ठेवली तर दुसरं काय होणार! याच दिग्दर्शकाचा १९८२चा खूनपट ब्रिटनमध्ये ‘व्हिडिओ नॅस्टी’च्या, म्हणजे आक्षेपार्ह ठरवलेल्या हिंसक व्हिडिओंच्या, यादीत गेला आणि १९९९पर्यंत व्हिडिओवर कायदेशीरपणे मिळत नव्हता. बंदीनं जी कीर्ती दिली ती जाहिरातीनं दिली नसती.

२०१८च्या नव्या ‘सस्पिरिया’नं लाल-निळा रंग पुसून १९७७चं करडं बर्लिन आणलं, लांबी अडीच तासांवर नेली, आणि चेटकिणींचं रहस्य सुरुवातीलाच उघड करून टाकलं. त्यावर प्रेक्षक दुभंगले. एका गटाला रंग हवे होते, दुसऱ्याला त्यातलं बर्लिनचं राजकारण आवडलं. खून कोणी केला, हा प्रश्न मात्र कुणीच विचारला नाही.