लीड्सचा टाउन हॉल आणि कथबर्ट ब्रॉड्रिक: पार्श्वभूमी

उत्तर इंग्लंडमधल्या लीड्सला कुणी नवीन गेलं की पहिल्या आठवड्यातच टाउन हॉलसमोरच्या दगडी सिंहांपाशी उभं राहून फोटो काढतं, मी पण काढला होता. मागे खांबांची भलीमोठी रांग आणि वर २२५ फुटांचा घड्याळाचा मनोरा. हे सगळं कुणी बांधलं हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि खरं सांगायचं तर तिथे राहणाऱ्या बऱ्याच जणांनाही माहीत नसतं, कथबर्ट ब्रॉड्रिक या त्याच्या आर्किटेक्टचं नाव त्यांना जवळच्या एका पबवर लावलेलं आहे म्हणून ओळखीचं असतं एवढंच. माणूस फार मोठा होता आणि त्याच्याबद्दल मराठीत काहीच वाचायला मिळत नाही म्हणून हे लिहितोय.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनबाहेरच्या आर्किटेक्टला मोफसिलचा म्हणूनच बघायचे, पण टाउन हॉल म्हणाल तर भव्य कामं लंडनबाहेरच होती. अख्ख्या लंडनची मिळून एक महापालिका तेव्हा नव्हतीच, १८८९ पर्यंत निवडून आलेली एक काउन्सिल पण नव्हती. उलट १८३५ च्या कायद्याने लीड्स, हल अशा शहरांना निवडून दिलेली नगर काउन्सिल मिळाली. लीड्सकडे लोकर आणि कापडाचा पैसा होता, वस्ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली होती, आणि शेजारच्या ब्रॅडफर्डने सेंट जॉर्जेस हॉल नावाचं मोठं सभागृह बांधायला घेतलं म्हटल्यावर लीड्सवाले गप्प बसणं शक्यच नव्हतं.

ब्रॉड्रिक मूळचा हल या बंदराच्या गावचा, जन्म १८२१ चा, वडील जहाजमालक. त्या काळी आर्किटेक्ट व्हायला कॉलेज नव्हतं, एखाद्या जाणत्या माणसाच्या ऑफिसात पैसे भरून काही वर्षं उमेदवारी करायची, नकाशे ट्रेस करायचे, साइटवर मागे मागे फिरायचं. ब्रॉड्रिकने हेन्री लॉकवूड यांच्याकडे १८३७ पासून अशी सात वर्षं काढली. मग १८४४ ला फ्रान्स आणि इटली बघायला गेला आणि हा प्रवास त्याच्या अंगात भिनला, पुढे आयुष्यभर त्याचं ड्रॉइंग इंग्लंडपेक्षा पॅरिसकडेच जास्त झुकलेलं दिसतं. परत आल्यावर लॉकवूड भागीदारी द्यायला तयार होते तरी याने हलमधे स्वतःचं ऑफिस थाटलं.

१८५२ मधे लीड्सच्या काउन्सिलने टाउन हॉलसाठी स्पर्धा जाहीर केली. बजेट ३५ हजार पौंड, आणि सल्ला द्यायला सर चार्ल्स बॅरी, म्हणजे लंडनच्या पार्लमेंटची इमारत करणारे. पहिलं बक्षीस २०० पौंडांचं, ते तिशी नुकतीच ओलांडलेल्या ब्रॉड्रिकला मिळालं आणि दुसरं मिळालं लॉकवूड आणि त्यांचे भागीदार मॉसन यांना, म्हणजे चेल्याने थेट गुरूलाच मागे टाकलं! एवढं मोठं काम या पोराच्या हातात द्यायचं का अशी काउन्सिलला धाकधूक होती पण बॅरींनी त्याच्या बाजूने शब्द टाकला.

पुढची सहा वर्षं सोपी नव्हती. मनोरा हवा की नको यावरूनच किती दिवस वाद चालला, कर भरणाऱ्यांचे पैसे नुसत्या शोभेसाठी का उडवायचे असं एका बाजूचं म्हणणं, तर डॉ. जॉन हीटन आणि त्यांच्याबरोबरचे लोक म्हणायचे की धुराने काळवंडलेल्या या शहराला काहीतरी उदात्त दिसायलाच हवं. मला हीटन यांचं पटतं, मनोऱ्याशिवाय ती इमारत मनात आणून बघा, बुटकी वाटेल. या सगळ्यात मूळ कंत्राटदाराचं दिवाळं निघालं आणि खर्च ३५ हजारांवरून सव्वा लाख पौंडांच्या आसपास पोचला. आतला व्हिक्टोरिया हॉल १६१ फूट लांब, ७२ रुंद, ७५ उंच. ७ सप्टेंबर १८५८ ला राणी स्वतः उद्घाटनाला आली, मनोरा तेव्हा पुरा झालेला नव्हता, आणि यंत्रांचा कारखाना चालवणारे मेयर पीटर फेअरबेर्न यांना तिने तिथेच सर केलं. सिंह नंतर म्हणजे १८६७ ला आले. बोल्टनचा टाउन हॉल बघितलात तर लगेच कळेल की ब्रॉड्रिकचा नमुना कसा उचलला गेला.

पण माझं मन जडलंय ते कॉर्न एक्स्चेंजवर. १८६३ ला उघडलेली ही लंबगोल इमारत म्हणजे आपल्या भाषेत भुसार बाजार, फरक इतकाच की पोती इथे येत नसत, व्यापारी वानगी घेऊन यायचे आणि तेवढ्यावर सौदा ठरायचा. आता मूठभर गव्हाची वानगी तळहातावर घेऊन पारखायची तर उजेड कसा पाहिजे? ऊन थेट पडलं की दाण्याचा रंग फसवा दिसतो. म्हणून ब्रॉड्रिकने घुमटाच्या उत्तर अंगाला काचेचा मोठा पट्टा ठेवला, तिकडून दिवसभर सारखा आणि सौम्य उजेड येतो. मी दुपारी तिथे मधोमध उभा राहून हात पुढे धरून बघितला, हाताची सावली जवळजवळ पडतच नाही!! घुमटाच्या लोखंडी फासळ्या उलट्या ठेवलेल्या होडीसारख्या दिसतात आणि कडेने दोन मजल्यांवर व्यापाऱ्यांच्या खोल्या आहेत, आता तिथे छोटी छोटी दुकानं आहेत. बाहेरचे दगड हिऱ्याच्या पैलूसारखे टोकदार घडवलेत, त्यावरून बोट फिरवून बघाच. घुमटाची कल्पना त्याला पॅरिसच्या धान्यबाजारावरून सुचली होती पण उजेडाचा विचार पूर्ण कामाचा आहे, शोभेचा नाही.

मग कामं येतच गेली. लीड्सची मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट म्हणजे कामगारांच्या शिक्षणाची संस्था, तिथे आता शहराचं म्युझियम आहे. स्कारबरोला समुद्रावरच्या कड्यावर पिवळ्या विटांचं ग्रँड हॉटेल, १८६७ चं, चार ऋतूंचे चार मनोरे, बारा महिन्यांचे बारा मजले, बावन्न आठवड्यांची बावन्न धुराडी आणि ३६५ खोल्या असा हिशोब त्याबद्दल सांगतात.

आणि १८७० च्या सुमाराला, पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती तेव्हा, तो हे सगळं सोडून पॅरिसला निघून गेला. तिथे चित्रं काढत राहिला, शेवटची वर्षं जर्सी बेटावर काढली आणि १९०५ ला तिथेच वारला. त्याचं नाव आज ज्यांच्यामुळे आहे ती सगळी कामं वीसेक वर्षांतली आहेत याचं मला अजूनही नवल वाटतं.

लीड्सने त्याचं बरंच जपलं, तरी कुकरिज स्ट्रीटवरचा त्याचा हमामखाना १९६९ ला पाडलाच. त्याच्या स्वतःच्या गावात, हलमधे तर फारच कमी उरलंय. रॉयल इन्स्टिट्यूशन १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात गेली. तिथला त्याचा टाउन हॉल नवीन गिल्डहॉलसाठी पाडला, फक्त मनोऱ्याच्या वरची छत्री तेवढी वाचवून पिअर्सन पार्कमधे नेऊन ठेवली. जी खालून मान वर करून बघायची होती ती आता हिरवळीवर जमिनीवरच उभी आहे, जवळ जाऊन हात लावता येतो.