कंपाइल करताना मेमरी अपुरी का पडते: युनिक्सवरील मर्यादांची पार्श्वभूमी

मोठा प्रोग्राम कंपाइल करताना (म्हणजे कंपायलरकडून त्याचे यंत्राच्या सूचनांत रूपांतर करून घेताना) मेमरी संपल्याचा संदेश आला, तरी यंत्रातील मेमरी खरोखरच संपलेली असते असे नाही. हा पेच युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टमइतकाच जुना आहे. युनिक्स सुरुवातीच्या काळात ज्यांवर चाले त्या पीडीपी-११ यंत्रांवर मेमरीतील जागेचा पत्ता १६ बिटांचा असल्यामुळे एका प्रोग्रामला ६४ किलोबाइटच्या पलीकडे पोहोचताच येत नसे. पुढच्या काही मॉडेलांत सूचना आणि डेटा यांना प्रत्येकी ६४ किलोबाइट मिळाले, इतकेच. त्यामुळे युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या डेनिस रिची यांचा सी भाषेचा कंपायलर एकामागून एक चालणाऱ्या स्वतंत्र टप्प्यांत विभागलेला होता.

१९७९ मध्ये ३बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीने ३२ बिटांच्या व्हॅक्स यंत्रांवर व्हर्च्युअल मेमरी (प्रत्यक्ष मेमरीपेक्षा मोठी जागा वापरू देणारी सोय) आणली आणि पत्त्याची अडचण दूर झाली. पण एकच यंत्र अनेकांनी वापरायचे असल्याने कोणा एकाच्या प्रोसेसने (चालू असलेल्या प्रोग्रामने) सगळी मेमरी व्यापू नये, याची तजवीज करावी लागली. १९८३ च्या ४.२बीएसडीमधील 'सेटआरलिमिट' ही सिस्टम कॉल (ऑपरेटिंग सिस्टमकडे करायची विनंती) त्यासाठीच होती. तिने घातलेली मर्यादा शेलकडून (आज्ञा स्वीकारणाऱ्या प्रोग्रामकडून) मेककडे (कंपायलर सुरू करणाऱ्या साधनाकडे) आणि मेककडून कंपायलरकडे वारशाने जाते, आणि माझ्या मते आजही बहुतेकांच्या नजरेतून निसटते ती हीच गोष्ट.

याच दशकात रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू या आपल्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी पास्टेल नावाचा तयार कंपायलर वापरून पाहिला. तो संपूर्ण फाइलमधील प्रोग्रामच्या रचनेचा वृक्ष मेमरीत उभा करी आणि घेतलेली जागा कधीच परत करीत नसे. त्याला कित्येक मेगाबाइटचा स्टॅक (तात्पुरत्या नोंदींसाठीची मेमरी) लागे, तर हाताशी असलेले ६८००० या प्रोसेसरवरील युनिक्स फक्त ६४ किलोबाइट देई. अखेर त्यांनी कंपायलर नव्याने लिहायला घेतला, आणि १९८७ मध्ये जीसीसी हा ग्नूचा कंपायलर प्रसिद्ध झाला. पुढे सी++ भाषेची टेम्प्लेट्स (एकाच साच्यातून अनेक प्रकारांसाठी कोड तयार करण्याची सोय) आणि २०१० मध्ये जीसीसी ४.५ सोबत आलेले लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन (सगळे भाग जोडताना एकत्रित केली जाणारी सुधारणा) यांमुळे मेमरीची गरज पुन्हा वाढली.

मर्यादा आड आली, तर कंपायलर निदान 'व्हर्च्युअल मेमरी एक्झॉस्टेड' असे सांगून थांबतो. लिनक्सचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) मात्र मागितलेली मेमरी बऱ्याचदा आधी मंजूर करतो आणि प्रत्यक्ष तुटवडा भासला की एखादी प्रोसेस संपवतो. अशा वेळी पडद्यावर केवळ 'किल्ड' हा शब्द उरतो आणि कारण कर्नलच्या लॉगमध्ये शोधावे लागते. २००८ मध्ये २.६.२४ या कर्नलमध्ये सीग्रुप्स (प्रोसेसच्या गटांवर मर्यादा घालण्याची सोय) दाखल झाले, आणि त्यांच्या आधाराने चालणाऱ्या कंटेनरांत (प्रोग्राम इतरांपासून वेगळे ठेवून चालवण्याच्या कप्प्यांत) प्रोसेसची मर्यादा सांगणारी 'युलिमिट' ही आज्ञा अमर्याद दाखवत असतानाही कंपायलर मारला जाऊ शकतो, कारण तिथली मर्यादा एका प्रोसेसला नसून संपूर्ण गटाला लागू असते, आणि मेकने समांतर सुरू केलेले सगळे कंपायलर त्या एकाच गटात मोजले जातात.