लहान चणीचे गार्ड (बास्केटबॉल) : डिफेन्स आणि मॅचअप

बास्केटबॉलमध्ये रिंगपासून लांब खेळून बॉल पुढे आणणाऱ्या खेळाडूला गार्ड म्हणतात, आणि आपल्या पोझिशनच्या मानाने उंचीला कमी असलेल्या गार्डला लहान चणीचा गार्ड किंवा नुसतं छोटा गार्ड म्हणतात. एनबीएत (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) आज साधारण ६ फूट २ इंच आणि त्याखालचे खेळाडू यात धरतात, पण ही रेघ पक्की नाही, खेळाडूंची सरासरी उंची वाढली तशी तीही वर सरकत गेलीये. हे लोक बॉल हाताळतात, पास देतात, स्कोअर करतात ते सगळ्यांना माहीतच आहे. वाद रंगतो तो डिफेन्सवर : त्यांनी कोणाला धरायचं, आणि समोरची टीम त्यांना कोणाच्या तावडीत आणून सोडणार.

आधी उंचीच्या आकड्यांबद्दल, कारण बऱ्याच तुलना तिथेच फसतात. २०१९-२० सीझनपासून एनबीएने सगळ्या टीमना बूट काढून मोजलेली उंची द्यायला लावली, त्याआधी कोणी बुटासकट मोजायचं, कोणी खेळाडू सांगेल ते छापायचं. स्टेफ करी आधी ६ फूट ३ चा लिहिला जायचा, नंतर ६ फूट २ चा झाला, आणि केविन ड्युरँट उलट एका इंचाने वाढला. त्यामुळे १९९० च्या आसपासच्या गार्डला आजच्या गार्डशेजारी ठेवताना इंच-दीड इंच इकडेतिकडे धरूनच चालावं. शिवाय नुसत्या उंचीने फारसं कळत नाही, हातांचा पसारा (विंगस्पॅन) बघावा लागतो. डोनोव्हन मिचेल आणि ट्रे यंग उंचीला जवळपास सारखेच, पण मिचेलचा विंगस्पॅन ६ फूट १० इंच आणि यंगचा ६ फूट ३ इंच, म्हणजे दोन्ही हात पसरले तर दोघांच्यात ७ इंचांचा फरक पडतो. आणि तिसरी गोष्ट वजन आणि पायांची ताकद, काइल लाउरी ६ फुटांचा असून पोस्टमध्ये (रिंगजवळच्या जागेत) भल्याभल्यांना हलू द्यायचा नाही ते त्या जोरावरच.

सुरुवातीच्या काळातले मेल हर्श (५ फूट ६, बोस्टन, १९४६-४७) आणि वाटारू मिसाका (५ फूट ७, न्यूयॉर्क, १९४७) यांची नावं नेहमी येतात, पण ते डिफेन्स कसा करायचे हे आकड्यांवरून काढता येत नाही कारण स्टील (समोरच्याचा बॉल हिसकावणं) आणि ब्लॉक (शॉट अडवणं) एनबीएत १९७३-७४ पासूनच मोजायला लागले. मग्सी बोग्स (५ फूट ३) हा सगळ्यात बुटका, १९८७ च्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडतात त्यात) १२ वा. त्याने १९९३ मध्ये ७ फुटी पॅट्रिक ईविंगचा शॉट ब्लॉक केला त्याचीच चर्चा जास्त होते, पण त्याचं खरं काम बॉल आणणाऱ्याला बॅककोर्टपासून (त्याच्याच अर्ध्या कोर्टापासून) छळणं हे होतं, ड्रिबल त्याच्या हाताच्या उंचीवरच यायचा.

छोटा गार्ड डिफेन्समध्ये टार्गेट कधीपासून झाला यावर दोन मतं आहेत. एक मत नियमांवर बोट ठेवतं : २००४-०५ पासून हँडचेकिंगवर कडक बंदी आली, हात लावून अडवता येईना, मग कमी उंचीचा डिफेंडर उघडा पडला. यात तथ्य आहे, पण ती बंदी उंच डिफेंडरलाही तितकीच लागू होती आणि तिचा फायदा तर बॉल हातात असलेल्या छोट्या गार्डनाच झाला, त्यामुळे एवढ्याने सगळं उलगडत नाही. दुसरं मत स्विचिंगचं. साधारण २०१५ पासून टीम पिक अँड रोलवर (साथीदार डिफेंडरच्या वाटेत उभा राहून, म्हणजे स्क्रीन लावून, मग रिंगकडे पळतो ती चाल) सर्रास धरलेली माणसं आपसात बदलायला, म्हणजे स्विच करायला लागल्या आणि मग समोरच्यांच्या लक्षात आलं की स्क्रीन लावून आपल्याला हवा तो डिफेंडर निवडता येतो. हेच जास्त पटतं.

२०१६ च्या क्लीव्हलँड विरुद्ध गोल्डन स्टेट फायनलच्या सातव्या मॅचमध्ये हे स्वच्छ दिसतं. स्कोअर ८९-८९, क्लीव्हलँडच्या कायरी अर्विंगसमोर गोल्डन स्टेटचा क्ले थॉम्पसन. थॉम्पसनचा साथीदार करी जे. आर. स्मिथला धरून होता, म्हणून क्लीव्हलँडने स्मिथलाच स्क्रीन लावायला पाठवलं, स्विच झाला, आणि ५३ सेकंद उरलेले असताना अर्विंगने करीच्या डोक्यावरून थ्री (तीन पॉइंटचा शॉट) मारला. पुढच्याच पझेशनला उलटं झालं, करीने स्विचवर केविन लव्हला गाठलं, लव्हने पाय हलवत ठेवले आणि करीचा थ्री चुकला. म्हणजे मिसमॅच (आपल्या सोयीची, विजोड जोडी) मिळवणं आणि तो वसूल करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उपाय ठरलेले आहेत. समोरच्या सगळ्यात कमी धोक्याच्या खेळाडूवर छोट्या गार्डला लावायचं, स्क्रीन आली की स्विच न देता पुढे येऊन बॉल रोखायचा आणि परत आपल्या माणसाकडे पळायचं (हेज), किंवा पोस्टमध्ये अडकला की मागून उंच साथीदाराने येऊन त्याला बाहेर ढकलायचं (स्क्रॅम स्विच). प्रत्येकात मागे कोणीतरी मोकळा राहतो, म्हणून मागचे लोक कोण आहेत यावर सगळं अवलंबून. आयझेया थॉमस (५ फूट ९) २०१६-१७ मध्ये मॅचमागे २८.९ पॉइंटच्या सरासरीने खेळला, त्याच्या आजूबाजूला एव्हरी ब्रॅडली, मार्कस स्मार्ट असे गार्ड होते म्हणून बोस्टनला ते झेपलं. डॅरियस गार्लंड आणि मिचेल ही जोडी क्लीव्हलँडला चालली ती मागे इव्हन मोबली आणि जॅरेट ॲलन हे उंच डिफेंडर होते म्हणून. पोर्टलंडच्या लिलार्ड-मॅकॉलम जोडीमागे असं कोणी नव्हतं आणि २०१८ मध्ये न्यू ऑर्लीन्सने त्यांना ४-० ने घरी पाठवलं, त्यात भर म्हणजे लिलार्डवर ज्रू हॉलिडे होता. त्यामुळे दोन गार्ड सुटे काढून कोण भारी असं विचारणं अर्धवटच राहतं.

तरीही चांगला डिफेंडर म्हणून वेगळे काढावेत असे आहेतच. क्रिस पॉल (६ फूट) नऊ वेळा ऑल-डिफेन्सिव्ह संघात (सीझनच्या उत्तम डिफेंडरच्या यादीत) आला आणि सहा वेळा स्टीलमध्ये लीगमध्ये पहिला होता. ॲलन आयव्हरसन (६ फूट) २००१ ते २००३ सलग तीन सीझन स्टीलमध्ये पहिला, पण तो पासच्या वाटेवर जुगार खेळायचा आणि त्याचा साथीदार एरिक स्नो समोरच्या तगड्या गार्डला धरायचा, म्हणून स्टीलवरून दोघांना एका मापात बसवणं बरोबर वाटत नाही. फ्रेड व्हॅनव्लीटने २०१९ फायनलमध्ये करीचा पिच्छा पुरवला, टोरँटोने तर बॉक्स-अँड-वन (चौघं आपापली जागा राखतात, पाचवा एकाच माणसामागे) लावून त्याला एकट्याला करीवर सोडलं होतं.

महिला बास्केटबॉलमध्ये डेबी ब्लॅक (साधारण ५ फूट ३) २००१ ची डब्ल्यूएनबीए (महिलांची एनबीए) डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर होती. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) मॅचमध्ये एनबीएतला डिफेन्सिव्ह थ्री सेकंदचा नियम (कोणाला न धरता रिंगखालच्या जागेत तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही) नाही, उंच सेंटर रिंगखाली उभा राहू शकतो, त्यामुळे पुढे छोटा गार्ड हरला तरी मागे झाकलं जातं.