सामाजिक क्षेत्रांमधील सत्तासंबंध

अर्थव्यवस्था, राज्यसंस्था, धर्म, विज्ञान, कला, माध्यमे या क्षेत्रांपैकी कोणाचे कोणावर चालते आणि कोणत्या वाटेने चालते, याचा समाजशास्त्रीय विचार.

पाया आणि इमला ही कार्ल मार्क्सची १८५९ मधील प्रतिमा सर्वपरिचित आहे : उत्पादनसंबंध (उत्पादनात माणसांचे एकमेकांशी असलेले मालकी-श्रमाचे नाते) हा पाया, कायदा, राजकारण व विचार हा त्यावरचा इमला. अनुयायांनी ती फार सरधोपटपणे वापरली. त्यामुळे मार्क्सचा सहकारी फ्रिडरिख एंगल्स याला १८९० मध्ये एका पत्रात खुलासा करावा लागला, की आर्थिक घटक निर्णायक ठरतो तो अखेरीस, आणि इमलाही पायावर परिणाम करतो. माक्स वेबरने प्रत्येक क्षेत्राला स्वतःचा तर्क असतो असे मानले. त्यांच्यातील ताण त्याला अटळ वाटे. मायकेल मानने विचारप्रणाली, अर्थ, लष्कर व राजकारण असे सत्तेचे चार स्रोत सांगितले.

या प्रश्नाची सर्वांत बारकाईची उकल फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यूकडे सापडते. समजा, मोठ्या जाहिरातदाराच्या कारखान्यात अपघात झाला आहे. वृत्तपत्राच्या मालकाचा फोन येत नाही, जाहिरात विभागही गप्प असतो. तरी पान लावताना उपसंपादक म्हणतो, ‘याला वाचक नाही’, आणि बातमी आत सरकते. पैशाचा दाब इथे पत्रकारितेच्याच भाषेत बोलतो. एखादे क्षेत्र किती स्वायत्त आहे हे बोर्द्यू यावरूनच जोखतो : तिथे सहव्यावसायिकांच्या मताला वजन आहे, की खपाला? पैसा, पदवी, ओळखीपाळखी ही त्याच्या लेखी भांडवलाचीच रूपे आहेत. त्यांच्या अदलाबदलीचा दर ठरवण्यासाठी सत्ताक्षेत्रात, म्हणजे निरनिराळ्या क्षेत्रांतील वरचढ लोक जिथे एकमेकांना भिडतात तिथे, झगडा चालतो.

जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुमानच्या मते आधुनिक समाजाला शिखरही नाही, केंद्रही नाही; प्रत्येक क्षेत्र आपापल्याच निकषाने चालते. पैशाने संशोधन उभे राहते, पण खोटा निष्कर्ष खरा होत नाही, हे त्याच्या मांडणीतून नेमके कळते. कोणते प्रश्न निधीअभावी कधी विचारलेच गेले नाहीत, हे मात्र तिच्यातून निसटते. हा या मांडणीतला गंभीर दोष आहे. युर्गन हाबरमासने १९८१ मध्ये पैसा व प्रशासकीय सत्ता जीवनविश्वावर, म्हणजे परस्पर संवादावर चालणाऱ्या रोजच्या जगण्यावर, वसाहत करतात, असा इशारा दिला.

सी. राइट मिल्सने १९५६ मध्ये अमेरिकेतील उद्योग, लष्कर व शासन यांच्या शिखरांवरील माणसांचाच माग काढला : सेनापती निवृत्त होऊन कंपनीच्या संचालक मंडळावर बसतो, कंपनीचा प्रमुख मंत्री होतो. एकच व्यक्ती किती संचालक मंडळांवर आहे, हे मोजणारे अभ्यास याच धाग्याने पुढे जातात.